काथोडमामा बोट सोडतो तेव्हा

भिवंडीच्या रस्त्यांवरून काय जात नाही ते आधी सांगा. सुताचे बाचके जातात, कापडाच्या गाठी जातात, आगगाडीच्या डब्याएवढे कंटेनर जातात. खड्डे तर इतके हुशार की दुपारी माणसं जेवायला बसली की एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत राहायला जातात, असा माझा जुना वहीम आहे. पण सकाळी दहा वाजता भर वस्तीतून पांढरीशुभ्र होडी चाललीय, तिच्यामागे अकरा कंटेनर हॉर्न बडवतायत, आणि पुढे ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मागे वळून शांतपणे म्हणतोय, "वाजव, वाजव, बॅटरी तुझी हाय," असं दृश्य तुम्ही पाहिलं असेल तर तो माणूस काथोडमामा.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. वळ गावात, गोदामांच्या रांगेमागे, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये मी आणि माझा मावसभाऊ फायबरच्या होड्या बनवायचो. मावसभाऊ साच्यावर काचेचं कापड आणि रेझीन चढवायचा. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाला चहा पाजून "पुढच्या आठवड्यात नक्की" असं सांगणं. होडी तयार झाली की ती खाडीवर पोचवायला कोन गावचा काथोडमामा यायचा. त्याच्याकडे एक ट्रॅक्टर होता, जुन्या ट्रकच्या आसावर बनवलेली लांबलचक ट्रॉली होती, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास नव्हता.

उंची बेताची, अंग खाडीतल्या खाजणासारखं काळं आणि चिवट. मिश्या मात्र अशा की ट्रॅक्टर बंद पडला तर त्याच ट्रॉली ओढतील. अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल. पूर्ण लांबीची विजार त्याने लग्नात घातली होती आणि ती अर्ध्या तासात परत केली, असं त्याची बायकोच सांगायची.

होडी ट्रॉलीवर चढली की माणसाला वाटतं, चला, निघू. मामाचं काम तिथे सुरू व्हायचं. तो ट्रॅक्टरच्या मागे उकिडवा बसायचा आणि एकेका वस्तूचं नाव पुकारायचा. जवळ जो कोणी असेल त्याने त्या वस्तूला हात लावून "हाय" म्हणायचं. नुसतं बघून म्हटलेलं चालायचं नाही. कोनच्या बोलीत बहुतेक 'ड'-'ढ'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, म्हणजे आडवी ती आरवी, एवढं ऐकताना धरून चला.

"हुकाची पिन?"

"हाय."

"पिनेत आरवी पिन?"

"हाय."

"साकली?"

"असेल, मामा. कालच लावली होती."

झालं. "असेल" कानावर पडलं की मामा उठून पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसायचा. "हुकाची पिन?" एकदा मावसभावाने तीनदा "असेल" म्हटलं, तेव्हा सकाळी निघायची होडी जेवण करून निघाली. मी अतिशयोक्ती करत नाही. मधे मामा स्वतः जेवून आला, थोडा आडवा झाला, आणि उठून पहिल्यापासून पुकारा केला.

मग चाकांचे नट. मग पुढचा पट्टा, मागचा पट्टा. इंजिन वर उचलून दोरीने बांधलंय का. होडीत वल्हं, डबा, कोणाची चप्पल असं काही सुटं राहिलंय का, कारण खड्ड्यात ते उडतं आणि मागच्याच्या काचेत जातं. मागच्या टोकाला लाल कापड. हे कापड म्हणजे मामीच्या साड्यांचे पदर. मामी म्हणायची, "लोकांच्या बायका साऱ्या नेसून मिरवतात. माझ्या साऱ्या होडीच्या मागं बांदून मिरवतंय यो मानूस."

शेवटी बांबू. ट्रॉलीवरच्या होडीच्या वरच्या टोकापर्यंत मामाने एक बांबू मापून कापला होता, वर एक वीत जास्त. टेमघरच्या बाजूला लूमच्या गल्ल्यांत विजेच्या, केबलच्या, कपडे वाळत घालायच्या अशा तारांचं जाळं इतकं खाली लोंबायचं की कावळेसुद्धा वाकून जायचे. तिथे बांबू उभा धरून पुढे चालायचं काम माझ्याकडे. बांबू तारेला लागला की थांबायचं. माझं शिक्षण बारावी, हुद्दा भागीदार, आणि काम बांबू धरणे. दर दोन-तीन मैलांवर मामा उतरून चाकाच्या मधल्या भागाला उलटा हात लावायचा, आई पोराच्या कपाळाला लावते तसा. "ताप न्हाय," म्हणायचा आणि पुन्हा चढायचा.

एकदा मागच्या कंटेनरचा ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. "चाचा, नाव पानी में चलाओ, रोड पे काहे चला रहे हो?"

मामा चाकाजवळून न उठता म्हणाला, "पानी में लेके जा रहा हूँ. तू भी आ. तेरा टायर देखा क्या? पिछला वाला, अंदर का."

ड्रायव्हरने बघितलं. आतला टायर फाटून त्याची तार बाहेर आली होती. पुढच्या वेळी तो ड्रायव्हर मामाला पाहून लांबूनच सलाम करत गेला. एकदा हॉर्नसुद्धा सलामासारखा वाजवला म्हणतात, पण ते मी ऐकलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

हा माणूस असा का झाला, याची एक कथा कोन गावात आहे. ती पाहिलेली माणसं आठ, आणि तिचे प्रकार नऊ. त्यातला मामाचा प्रकार असा. तरुणपणी हुकाच्या पिनेतली छोटी पिन हरवली, तेव्हा त्याने तिथे खिळा वाकवून घातला. साखळी घरी. उतारावर खड्डा आला, खिळा गेला, पिन उडाली. मामाला काही कळलं नाही. तो आपला गाणं म्हणत चाललाय. उजवीकडे बघतो तर एक होडी त्याला ओव्हरटेक करतेय. "ओलखीची वाटली," मामा सांगायचा. "सवयीनं मी साइड दिली तिना." होडी ट्रॉलीसकट पुढे जाऊन भजीच्या टपरीत शिरली. कढईच्या हातभर अलीकडे थांबली. भजीवाल्याने झारा वर धरूनच विचारलं, किती प्लेट.

इथपर्यंत ऐकणारे पोट धरून हसायचे, मामाही हसायचा. मग तो म्हणायचा, "टपरीपुरं बाकरा व्हता. येक बाय पोराला घेऊन बसली व्हती. पोरगं रडाया लागलं म्हनून उठली, तवरच होडी आली बाकऱ्यावर." एवढं बोलून तो टॉवेल झटकायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. त्यानंतर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही.

त्याच्या हट्टाची कीर्ती झाली ती एका लग्नात. गोदामांना जमीन देऊन एका शेठने मोठी गाडी घेतली. शेजाऱ्याने तशीच गाडी घेतली म्हटल्यावर शेठने आमच्याकडून इंजिनची होडी घेतली, आणि मुलाची वरात त्या होडीतून काढायचं ठरवलं. रस्त्यावरून. नवरामुलगा, करवल्या, दोन मामे, एक फोटोवाला असे चौदा लोक ट्रॉलीवरच्या होडीत चढून बसले. पुढे बँड. काथोडमामाने ट्रॅक्टरची चावी काढून चड्डीच्या खिशात टाकली.

"चालत्या ट्रॉलीवर होडीत मानूस बसत न्हाय," तो म्हणाला.

शेठ म्हणाला, "मामा, माझा मुलगा आहे. माझी होडी आहे."

"उतार माझा न्हाय, खड्डा माझा न्हाय, आनि पोरगं परलं तर परत आनून देनं माझ्या हातात न्हाय. पोराला उतरव."

बँडवाल्यांनी तेच गाणं सहा वेळा वाजवलं. सातव्या वेळी नवरदेव स्वतःच उतरला. मग वरात अशी निघाली: पुढे बँड, मधे फुलांनी लदलेली रिकामी होडी, आणि तिच्यामागे मुंडावळ्या सावरत पायी नवरदेव. लग्नाला आलेल्या पाहुण्यांपैकी काहींची अजून समजूत आहे की लग्न होडीचं होतं.

पण मामा मला खरा दिसला तो ठमाबाईच्या होडीच्या वेळी. तेवढं सांगायला म्हणून तर मी हे लिहायला घेतलं.

ठमाबाई ही कोनच्या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवणारी विधवा बाई. नवऱ्यामागे तिने त्याची लाकडी होडी घेतली आणि पलीकडच्या वाडीतल्या माणसांना अलीकडे-पलीकडे करू लागली. वाडी आदिवासींची, मजुरी करणाऱ्यांची. रस्त्याने यायचं तर मोठा वळसा. वाडीतल्या आठ मुली ठमाबाईच्या होडीने अलीकडच्या शाळेत यायच्या. एके दिवशी मधल्या पाण्यात जुन्या होडीची फळी उघडली. होडी कशीबशी चिखलात लागली, कोणाला काही झालं नाही, दप्तरं भिजली. पण वाडीने ठरवलं, मुली आता होडीत बसणार नाहीत. मुलगे वळसा घालून सायकलने येऊ लागले. मुली घरी बसल्या. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्या आठ मुलींनी शाळा पाहिली नाही.

शेवटी गावाने आणि ठमाबाईने मिळून आमच्याकडे नवी होडी सांगितली. वाडीचा म्होरक्या बुधाजी, त्याची मुलगी रंजना आठवीत होती. तो शेडमध्ये येऊन होडी हाताने ठोकून बघून गेला. जाताना म्हणाला, "पाण्यात सोडाल तवा आम्ही सगळी येऊ. आत थेंब दिसला तर पोरी परत घेऊन जाऊ. मग पुन्हा सांगाया येऊ नका."

होडी आदल्या दिवशी ठमाबाईच्या अंगणात नेऊन उभी केली. सगळ्या आळीच्या बायकांनी ती साबण लावून धुतली. धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून मामाने होडीच्या मागच्या बाजूचं, अगदी तळाशी असलेलं बूच फिरवून काढलं. पितळेचं, आवळ्याएवढं. ते ठमाबाईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाय, नीट ठेव. हरवलं त मेलो."

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती. मामा घड्याळ मानत नसे. तिथीची पाऊणपट केली की समुद्राच्या भरतीचा तास निघतो, वर खाडीत पाणी चढायला दीड तास धरायचा, हा त्याचा हिशोब. म्हणजे साडेदहाला भरती पूर्ण. "चरत्या पान्यात सोराची," तो म्हणायचा. "अरकली त पानीच उचलतं. उतरत्या पान्यात अरकली त दुपारभर चिखलात बस."

पावणेदहाला आम्ही धक्क्याच्या उतारावर. सरपंच, गुरुजी, अर्धं कोन गाव. वाडीची माणसं टेम्पोने वळसा घालून आलेली, बुधाजी आणि त्याच्या हाताला धरून रंजना. होडी हळदीकुंकवाने, झेंडूने अशी मढवलेली की रंग कुठला ते सांगणं मुश्कील. ट्रॅक्टर उलटा करून मामाने ट्रॉली पाण्याच्या काठाशी आणली, चाकांना दगड लावले, आणि पुकारा सुरू केला. आज उत्तर द्यायचं ठमाबाईने, कारण होडी तिची.

"दोरी कोनाच्या हातात?"

"माझ्या हाय."

"वल्ही?"

"हाय."

"बूच?"

"हाय की," ठमाबाई म्हणाली. "सकाली आंघोल घातली, पूजा केली त्याची."

सगळे हसले. सरपंच म्हणाले, "मामा, आटपा. मुहूर्त चालला."

"मुहूर्ताला पवता येतं का?" मामा म्हणाला. "बाय, हात लावून सांग."

ठमाबाई मागे गेली. तळाशी कुंकवाचं स्वस्तिक, त्याच्या मधोमध मोठं जास्वंद खोचलेलं. तिने ते जास्वंद बाजूला केलं आणि तिची करंगळी मुळापर्यंत आत गेली.

तिचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. ती हळूच म्हणाली, "दादा, बूच देवाजवल हाय."

झालं होतं असं की "नीट ठेव" म्हटल्यावर ठमाबाईने घरातल्या सगळ्यात नीट जागी ठेवलं, देव्हाऱ्यात. पितळेचं, गोल, चकाकणारं. सकाळी देवांबरोबर त्यालाही पाणी घातलं, हळद लावली, अक्षता वाहिल्या. इकडे होडीवर त्या जागी फूल खोचलं. तिच्या मनात बूच आणि होडी दोघांचीही पूजा नीट झाली होती. एवढंच, की दोघं दोन ठिकाणी होती.

कोणीतरी खो-खो हसलं. बुधाजी हसला नाही. त्याने रंजनाचा हात घट्ट धरला आणि टेम्पोकडे वळला. वाडीची बाकीची माणसं त्याच्यामागे. ठमाबाई तशीच वाकलेली, करंगळी त्या भोकात.

खोटं कशाला बोलू, मी मामाच्या कानाशी लागलो. म्हटलं, चिंधी कोंबा, वर फूल लावा, गंमत केली म्हणून सांगा. बूच मी मागून आणतो. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की माझी उंची त्या दिवसापासून इंचभर कमी आहे.

तो उठला. डोक्याचा टॉवेल काढला. "बुधाजी," त्याने हाक मारली, "थांब. चूक माझी हाय. बूच मी कारलं. जो कारल त्यानंच लावाचं, यो माझाच कायदा. मी लावलं न्हाय. बायचा काय दोष न्हाय."

काथोडमामा चूक कबूल करतोय हे ऐकायला कोन गाव एवढं गप्प झालं की पलीकडच्या काठावरचा बगळा मान वळवून बघायला लागला.

"आता जायाचं त जा," मामा म्हणाला. "पन होडी कशानं बुरते ते बघून जा. हिकरं ये. करंगली घाल."

बुधाजीने रंजनाचा हात सोडला. मग आला. त्याने करंगळी घातली. मामाने वाडीच्या एकेका बापाला बोलावलं, एकेकाची करंगळी त्या भोकात घालायला लावली. मग बादलीभर पाणी होडीत ओतलं. पाणी भोकातून धो-धो बाहेर आलं, बुधाजीच्या पायावर.

"आतलं जसं भायेर आलं, तसंच भायेरचं आत जातं. दिसलं?"

"दिसलं," बुधाजी म्हणाला.

तोवर मी गुरुजींची सायकल घेऊन ठमाबाईच्या घरी. देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी बूच विराजमान, डोक्यावर झेंडू. हात जोडून मी ते उचललं, आणि परत येताना सायकल अशी मारली की साखळी तापून लाल झाली होती. निदान गुलाबी तरी.

मामाने बूच स्वतः लावलं नाही. बुधाजीच्या हातात दिलं. बुधाजीने फिरवून घट्ट केलं. पुन्हा बादलीभर पाणी आत. सगळे वाकून बघत राहिले. तळावर हळदीचं पिवळं पाणी थरथरत उभं, खाली एक थेंब नाही. मामाने मनात काय मोजलं कोण जाणे, पण माझे दोन्ही पाय झोपी जाईपर्यंत त्याने कोणाला हलू दिलं नाही. मग बूच काढून पाणी सोडलं, बुधाजीनेच ते पुन्हा लावलं, आणि पुकारा पहिल्यापासून. या वेळी "बूच?" म्हटल्यावर पाच बापांनी एकदम हात लावला.

पट्टे सुटले, ट्रॉली पाण्यात गेली, होडी हलकेच उचलली गेली. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं होतं. आत पहिला चढला बुधाजी. तो तळाशी बसला आणि तळहात तळाला टेकवून बसून राहिला, नाडी बघावी तसा. होडी पाण्यात डुलत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने हात उचलून रंजनाला दाखवला. हात कोरडा होता, फक्त थोडी हळद लागलेली.

"ये," तो म्हणाला.

मुली शाळेत परत आल्या. ठमाबाई रोज सकाळी पुकारा करायची आणि उत्तर मुली द्यायच्या. मामाने बुचाला नायलॉनची दोरी बांधून ती होडीच्या कडीला अडकवली. ठमाबाईने त्यावर काळा दोरा बांधला. मामा म्हणाला, "तो दोरा बुचासाठी न्हाय, माझ्यासाठी बांदलाय."

अडीच वर्षांनी रंजना दहावी पास झाली. वाडीतली पहिली मुलगी. वाडीने तिचा सत्कार ठेवला आणि प्रमुख पाहुणे म्हणून काथोडमामाला बोलावलं. मलाही होतं बोलावणं. सकाळी धक्क्यावर गेलो तर मामा चक्क पूर्ण विजारीत, वर पांढरा सदरा, हातात चपला. गुरुजी हार घेऊन आधीच होडीत बसले होते, मी चढलो, गावच्या काही बायका चढल्या, आणि शेवटी मामाने पाय आत टाकला.

ठमाबाईने वल्हं आडवं धरलं. "दादा, उतरा."

"का?"

"धा झाली. तुम्ही अकरावं."

गुरुजी म्हणाले, "अहो बाई, प्रमुख पाहुणे आहेत ते."

"पाहुनं पानी वलखत न्हाय," ठमाबाई म्हणाली. "दुसऱ्या खेपंला नेते."

मी उठू लागलो, म्हटलं मामा, माझ्या जागी बसा. मामाने माझा खांदा दाबून खाली बसवलं. "बस गप. चरता-उतरता होडी हालते." आणि तो मागे सरकून, विजार गुडघ्यापर्यंत वर घेत, पाण्यातून काठावर गेला.

त्याच वर्षी आमची शेड गोदामात गेली आणि मीही भिवंडी सोडली. त्यामुळे माझ्याजवळ मामाचं शेवटचं दिसणं ते हेच. हार होडीत, पाहुणा काठावर. आम्ही मधल्या पाण्यात गेलो तरी तो उकिडवा बसून, कपाळावर हात धरून बघत होता. हात हलवला, तर त्याने उत्तर दिलं नाही. तो आमच्याकडे बघतच नव्हता. होडीच्या कडेपासून पाणी किती खाली आहे ते बघत होता. बरंच खाली असावं, कारण मग तो निवांत मागे टेकला आणि सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची डबी काढली.